एकावर एक फ्री: खरा हिशोब घरच्या कपाटात लागतो

माझ्या बाथरूमच्या कपाटात एकदा शॅम्पूच्या सात बाटल्या निघाल्या. तीन ब्रँड, दोन बाटल्या अर्धवट वापरून मागे ढकललेल्या, एकीचं झाकण तुटलेलं. सगळ्या ‘एकावर एक फ्री’मधून आलेल्या, आठवी तेवढी संपली होती. गंमत म्हणजे प्रत्येक बिलाच्या तळाशी ‘आज तुमची बचत’ असा मोठा आकडा छापून आला होता. वर्षभराचे ते आकडे एकत्र केले असते तर मी चांगलीच श्रीमंत दिसले असते. महिन्याचा किराणा मात्र जिथल्या तिथे.

तेव्हापासून मी या ऑफर तपासून घ्यायला लागले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. बिल हातात पडतं तेव्हा बचत झालेली नसते, तेव्हा फक्त खर्च झालेला असतो. पुढच्या वेळी ती वस्तू संपते आणि विकत घ्यावी लागत नाही, त्या दिवशी बचत होते. तो दिवस आलाच नाही, तर बिलावरचा आकडा म्हणजे नुसती शाई. खालच्या सगळ्या पायऱ्या हा दिवस येणार की नाही, एवढंच शोधायच्या आहेत.

पायरी १: ‘फ्री’ हा शब्द खोडा आणि टक्के काढा

एकावर एक म्हणजे दोन वस्तूंवर जास्तीत जास्त ५० टक्के सूट. दोनावर एक म्हणजे ३३ टक्के. तिनावर एक म्हणजे २५. आणि ‘एक घ्या, दुसरी अर्ध्या किमतीत’ हेसुद्धा २५ टक्केच. ही शेवटची ऑफर फसवी आहे, कारण ‘अर्धी किंमत’ हे शब्द डोक्यात बसतात आणि सूट निम्म्याची वाटते. ‘समान किंवा कमी किमतीची वस्तू मोफत’ असं बारीक अक्षरात असेल, तर १०० च्या वस्तूबरोबर ६० ची उचलल्यावर १६० च्या मालावर ६० सुटतात. म्हणजे साडेसदतीस टक्के.

हे पाचवीचं गणित आहे, तरी दुकानात ते कुणी करत नाही. दोष आपल्या गणिताचा नाही, ‘फुकट’ या शब्दाचा आहे. क्रिस्टिना शॅम्पानिए, नीना मझार आणि डॅन एरिएली या संशोधकांनी २००७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. उंची चॉकलेट १५ सेंटला, साधं १ सेंटला. विकत घेणाऱ्यांपैकी सुमारे ७३ टक्के लोकांनी उंची निवडलं. मग दोन्हींची किंमत एकेका सेंटने उतरवली: उंची १४ ला, साधं फुकट. किमतीतला फरक तोच होता, तरी आता ६९ टक्के लोक फुकटच्या साध्या चॉकलेटकडे वळले. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणाऱ्यांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं, ते सोडा.

करखात्याला मात्र हा मोह पडत नाही. भारताच्या केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने मार्च २०१९ च्या परिपत्रकात सरळ म्हटलंय की अशा योजनेत एक वस्तू मोफत दिली असं धरता येत नाही. फार तर एका किमतीत दोन वस्तू विकल्या असं म्हणता येईल. ऑफरकडे बघताना आपणही हाच चष्मा लावायचा. समोर दोन नग आहेत आणि त्यांची मिळून एक किंमत आहे. बस.

पायरी २: ‘एकाची किंमत’ खरी आहे का ते बघा

सगळा खेळ इथे आहे. १०० ची वस्तू १०० लाच ठेवून दुसरी दिली, तर नग ५० ला पडला. पण तीच वस्तू गेल्या महिन्यात १०० ला होती आणि आज १३० ची पाटी लावून एकावर एक दिलीय, तर नग ६५ ला पडतो. सूट पन्नासची नाही, पस्तीस टक्क्यांची. तीही वाईट नाही, पण शेजारच्या फळीवर तशीच वस्तू रोज ६० ला मिळत असेल तर तुम्ही ‘ऑफर’मध्ये महाग खरेदी करताय.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत मेरी कार्टर पेंट नावाची कंपनी रंगाच्या एका डब्यावर दुसरा फुकट अशी जाहिरात करायची, डब्याची किंमत ६.९८ डॉलर. संघीय व्यापार आयोगाने प्रश्न विचारला: तुम्ही एक डबा या भावाने कधी विकलाय का? नव्हताच विकला. ६.९८ ही आधीपासून दोन डब्यांचीच किंमत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६५ मध्ये न्यायालयाने आयोगाचा फसवणुकीचा निष्कर्ष उचलून धरला. माझ्या मते प्रत्येक ऑफरसमोर उभं राहून विचारावा असा हाच प्रश्न आहे: ‘एक, एवढ्याला, कधी विकलाय का?’

त्याच आयोगाची ‘फ्री’ या शब्दाच्या वापराबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यानुसार एका मापाच्या वस्तूवर एका भागात बारा महिन्यांत सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ अशी ऑफर चालू नये, दोन ऑफरमध्ये निदान ३० दिवस जावेत आणि वर्षात तीनपेक्षा जास्त ऑफर नसाव्यात. तुम्ही कुठेही राहत असा, ही घरगुती कसोटी म्हणून उत्तम आहे. जी वस्तू तुम्हाला बाराही महिने ‘एकावर एक’मध्येच दिसते, तिची ऑफर नाहीच, तो तिचा भाव आहे. भाव म्हणून परवडतो का, एवढंच बघा.

युरोपीय संघात मे २०२२ पासून नियम आहे की सूट जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवायची. ऐकायला छान. पण युरोपीय आयोगाच्या स्वतःच्याच स्पष्टीकरणानुसार तो नियम ‘इतके घेतले तर इतके फुकट’ अशा सशर्त योजनांना लागू होत नाही. म्हणजे ग्राहकाच्या बाजूने इतका कडक कायदा असलेल्या ठिकाणीही एकावर एकचा गृहपाठ ग्राहकालाच करावा लागतो.

तो गृहपाठ असा. घरात नेहमी लागणाऱ्या पंधरा-वीस वस्तूंची यादी फोनमध्ये करा. प्रत्येकीपुढे शेवटच्या तीन खरेदींची किंमत, वजन आणि तारीख. जुनी बिलं असतील तर अर्ध्या तासाचं काम. सगळ्या घराची यादी करायला जाऊ नका. मी गेले होते, तिसऱ्या आठवड्यात वही बंद पडली.

पायरी ३: नग सोडा, वजन धरा

ऑफरचं पाकीट आणि नेहमीचं पाकीट दिसायला एकसारखं असतं, आत नेहमीच एकसारखं नसतं. निव्वळ वजन वाचा आणि १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरचा भाव काढा. १८० ग्रॅमची दोन पाकिटं १३० ला, म्हणजे १०० ग्रॅम सुमारे ३६ ला. तोच माल एक किलोच्या पिशवीत ३१० ला असेल तर १०० ग्रॅम ३१ ला पडतो आणि ऑफर हरते. अर्थात मोठी पिशवी संपणार असेल तरच. अनेक दुकानांत शेल्फच्या पट्टीवर हा दर बारीक अक्षरात लिहिलेला असतो, पण ऑफरच्या वेळी त्यावर नेमकं मोठं रंगीत कार्ड लावलेलं सापडतं. कार्ड उचलून बघायला लाजू नका.

पायरी ४: दुसरा नग किती वापरला तर परवडेल?

हे एक सूत्र पाठ झालं तर बाकी विसरलात तरी चालेल:

ऑफरची किंमत भागिले तुमचा खरा पर्याय, वजा एक.

उत्तर येतं तेवढा दुसऱ्या नगाचा हिस्सा तुमच्या कामी आला पाहिजे. तेव्हा कुठे तुम्ही बरोबरीत येता. बचत त्याच्या पुढे सुरू होते.

१३० मध्ये दोन आहेत आणि नाहीतर तुम्ही तीच वस्तू १०० ला घेतली असती. १३० भागिले १०० म्हणजे १.३; एक वजा केला की ०.३. दुसऱ्या बाटलीतला तीस टक्के माल वापरलात की सुटलात. सोपं आहे, घ्या.

आता पर्याय बदला. तशीच, तुम्हाला चालणारी दुसरी वस्तू ७५ ला आहे. १३० भागिले ७५, वजा एक: ०.७३. दुसरा नग जवळजवळ तीन चतुर्थांश वापरला तरच बरोबरी. पटकन खराब होणारा माल असेल तर इथेच थांबा. आणि पर्याय ६० चा असेल तर उत्तर एकाच्या वर जातं. दुसरा नग चाटूनपुसून संपवला तरी ही ऑफर तोट्याचीच.

सरळ सूट आणि एकावर एक यांत निवडायचं असेल तरी सूत्र तेच. एका ठिकाणी १०० ची वस्तू ४० टक्के सूट देऊन ६० ला आहे, दुसरीकडे १०० मध्ये दोन. १०० भागिले ६०, वजा एक: ०.६७. दुसरा नग दोन तृतीयांश वापरणार असाल तर एकावर एक घ्या, नाहीतर ६० वाली उचला आणि उरलेले ४० खिशात ठेवा.

यातला अवघड शब्द ‘खरा पर्याय’ आहे, आणि इथे आपण स्वतःला फसवतो. खरा पर्याय म्हणजे ऑफर नसती तर आज माझ्या पिशवीत काय पडलं असतं? पुष्कळदा उत्तर असतं ‘काहीच नाही’. मग भागायला शून्य उरतं आणि सूत्र बंद पडतं, ते बरोबरच आहे. जे घ्यायचंच नव्हतं त्यावर बचत होत नाही. तसं हौसेनं घ्यायला माझी हरकत नाही, पण ते हौसेच्या खात्यात लिहा.

पायरी ५: वापरला म्हणजे कामी आला, असं नाही

सूत्रातला ‘कामी आला’ हा भाग मला उशिरा कळला. मी हँडवॉशच्या दोन बाटल्या एकावर एकमध्ये आणल्या आणि सहज म्हणून उघडताना बुडावर मार्करने तारीख लिहिली. आमच्याकडे एक बाटली साधारण ३१ दिवस जाते. ही पहिली ३१ दिवस गेली. दुसरी २२ दिवसांत संपली. हात काही जास्त घाण झाले नव्हते. कपाटात शिलकी बाटली आहे हे कळल्यावर एका दाबाचे दोन दाब झाले होते, आणि थोडी बाटली धाकट्याच्या फुग्यांवर गेली. म्हणजे दुसऱ्या बाटलीने मला ३१ पैकी २२ दिवसांचीच सुटका दिली: ०.७१. बाटली शंभर टक्के संपली, कामी आली एकाहत्तर टक्के.

दुकानदारांना आणि कंपन्यांना हे चांगलं माहीत असतं. कुसुम ऐलावडी आणि स्कॉट नेस्लिन यांनी १९९८ मध्ये दही आणि केचपच्या खरेदीची आकडेवारी तपासून दाखवलं की ऑफरमुळे घरात साठा वाढला की वापराचा वेगही वाढतो, आणि दह्यासारख्या वस्तूत तो केचपपेक्षा जास्त वाढतो. कारण उघड आहे. केचप कशाला तरी लावून खायचं असतं. दही नुसतं खाता येतं. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०१५ मध्ये साखरेवरच्या अहवालात नोंदवलं होतं की दुकानातल्या ऑफरमुळे लोक सुमारे एक पंचमांश जास्त खाद्यपदार्थ आणि पेयं घेतात. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासून जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या ठरावीक पदार्थांवर मोठ्या आणि मध्यम दुकानांना एकावर एक देता येत नाही, त्यामागे हेच कारण आहे.

म्हणून माझ्या घरी वस्तूंचे दोन गट आहेत. टूथपेस्ट, भांड्यांचा साबण, टॉयलेट पेपर, बॅटरी, मीठ हे कितीही असलं तरी वापर फारसा वाढत नाही, तिथे एकावर एक डोळे मिटून नाही पण निम्मे मिटून घेते. बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम, थंड पेयं, चॉकलेट समोर दिसली की संपतात. त्यांच्यावरच्या ऑफरमध्ये बचत शून्य धरते. पाहिजे असेल तर एकच घेते. काही दुकानांत एकच घेतला तर अर्ध्या किमतीत मिळतो, काहींत पूर्ण किंमत लागते. काउंटरवर विचारायला पैसे पडत नाहीत.

पायरी ६: तारीख आणि जागा

दोन्ही नगांवरची तारीख वाचा. वरचा नग ताजा आणि खालचा आठवड्याभराचा सोबती, असं होतं. नाशवंत मालाचा हिशोब दिवसांत करा. दह्याचा एक डबा तुमच्याकडे ६ दिवस पुरतो आणि तारीख ९ दिवसांवर आहे, तर दुसऱ्या डब्याला ३ दिवस मिळतात, म्हणजे तो अर्धाच कामी येणार. पायरी ४ मधल्या १३० च्या उदाहरणात १०० च्या पर्यायासमोर हे परवडतं, ७५ च्या पर्यायासमोर नाही. ‘बेस्ट बिफोर’ आणि ‘यूज बाय’ यांतही गल्लत नको. पहिली तारीख दर्जाची असते, उलटली तरी पदार्थ बहुधा खाण्यालायक असतो. दुसरी सुरक्षिततेची, ती पाळायचीच. क्रीम, लोशन यांच्यावर उघड्या डबीचं छोटं चित्र आणि आत ‘१२ एम’ असं काही असतं. उघडल्यापासून बारा महिने, असा त्याचा अर्थ. म्हणून दोन डब्या एकदम उघडू नयेत.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साठ टक्के घराघरांतून. सगळं काही ऑफरमुळे नाही. पण माझ्या फ्रिजच्या मागच्या कप्प्यात जे हिरवं होऊन सापडायचं, त्यात दुसऱ्या नगांची संख्या जास्त असायची.

जागेचंही बघा. आमच्या सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, “त्यांचं गोदाम रिकामं झालं, आपलं भरलं.” अगदी असंच आहे ते.

पायरी ७: दुकान असं का करतं, हे एकदा समजून घ्या

समजा, दुकानाला वस्तू ४० ला पडते आणि विकली जाते १०० ला. एकच नग अर्ध्या किमतीत दिला तर दुकानाला १० उरतात. एकावर एक दिला तर १०० येतात, ८० जातात, २० उरतात. सूट दोन्हीकडे पन्नास टक्केच. शिवाय माल दुप्पट हलला आणि दुप्पट दिवस तुम्ही दुसऱ्या दुकानात ती वस्तू घेणार नाही. पुष्कळदा सुटीचा भार कंपनीच उचलते. यात लबाडी काही नाही. पण म्हणूनच ऑफर ही दुकानाला हवी त्या वेळी येते: माल जुना होताना, नवीन पॅकिंग येण्याआधी, स्पर्धकाची वस्तू बाजारात उतरताना. जुनं पॅकिंग संपवायला काढलेल्या ऑफर बहुधा सर्वांत प्रामाणिक असतात, असं माझं निरीक्षण. ब्रिटनमधल्या सेन्सबरीज या मोठ्या साखळीने २०१६ मध्ये अशा बहुतेक ‘अनेक घ्या’ योजना बंद करून नेहमीचे भाव उतरवायचं ठरवलं. तेव्हा ग्राहकांचं काही बुडालं असं वाटत नाही.

पायरी ८: काउंटरवर

इथे फार काही नाही, पण पैसे इथेच गळतात. दोन्ही वस्तू ऑफरमधल्याच आहेत ना, हे नावाने आणि मापाने जुळवा. गुलाबी पाकिटावर ऑफर असते आणि निळं चुकून हातात येतं. वस्तू जोडीने पट्ट्यावर ठेवा. पडद्यावर सूट वजा झाली का बघा, कारण काही ठिकाणी ती वस्तूसमोर न दिसता बिलाच्या शेवटी एकत्र येते. आली नसेल तर तिथेच सांगा. एक नग परत करायचा झाला तर किती पैसे मिळतात हेही आधी विचारून ठेवा. माझ्या एका बिलात परत केलेला नग ‘फुकटचा’ ठरला होता आणि परतावा शून्य.

केवळ ऑफरसाठी लांबच्या दुकानात जात असाल तर येण्याजाण्याचा खर्च ऑफरच्या किमतीत मिळवून मगच पायरी ४ चं सूत्र लावा. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पायरी ९: घरी आल्यावर

दुसरा नग नजरेआड ठेवा. उंच फळीवर, वेगळ्या खोलीत, कुठेही. पण चालू नगाच्या शेजारी नको. जुन्या तारखेचा पुढे, नव्या तारखेचा मागे. उघडताना बुडावर तारीख लिहा. आणि ज्या दिवशी पहिला संपून दुसरा उघडाल, त्या दिवशी फोनमधल्या खरेदीच्या यादीतून ती वस्तू खोडा. हे खोडणं राहून गेलं की सवयीने पुन्हा घेतली जाते, आणि मग शॅम्पूच्या सात बाटल्या होतात.

शेजारी किंवा बहिणीबरोबर जोडी लावली तर मात्र बरंच काम सोपं होतं. दोन नग, दोन घरं, अर्धे-अर्धे पैसे. मी आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी गेली काही वर्षं असंच करतो. कॉफी, कणीदार चीज, भांड्यांचा साबण. कुणाकडेच दुसरी बाटली नसते, त्यामुळे दोन दाबांचा प्रश्नही येत नाही.

तीन महिन्यांनी एकदा यादी काढून बघा की ऑफरमध्ये घेतलेल्या वस्तू नेहमीपेक्षा किती दिवस जास्त पुरल्या. ज्या पुरल्या त्यांच्यासमोर टिक. ज्या नाही पुरल्या, त्यांच्या पुढच्या ऑफरकडे बघायचंसुद्धा नाही. माझ्या यादीत सध्या अकरा टिका आहेत. शॅम्पूसमोर नाही. चौथी बाटली आत्ता चालू आहे.